सायखेड्याच्या वाचनालयातला जुना कम्प्युटर

जुने कम्प्युटर गोळा करणाऱ्या बाईला नातेवाईक दोनच कारणांनी फोन करतात. एक, "आमच्यासाठी नवीन कुठला घ्यावा ते सांग", आणि दोन, "आमच्याकडे एक खोकं पडलंय, तू नेतेस की भंगारवाल्याला देऊ?" कुमुदमावशीचा फोन दुसऱ्या जातीचा होता. मावशी निवृत्त शिक्षिका, नाशिक रोडला राहते. तिची पहिली नोकरी सायखेड्याला झाली आणि तिथले तिचे सहकारी अण्णा आता गावच्या वाचनालयाचे सेक्रेटरी आहेत. वाचनालयाची इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे. सामान हलवताना कपाटातल्या ९३ सालच्या कम्प्युटरचा प्रश्न निघाला, अकरा वर्षांपासून तो बंद पडलेला. "अण्णा म्हणतात, जाणतं माणूस असेल तर फुकट घेऊन जा," मावशी म्हणाली. "आणि हो, त्याच्यावर मराठी दिसायचं म्हणे."

हे शेवटचं वाक्य तिने जाता जाता टाकलं आणि माझं कामातलं लक्ष उडालं. नवीन वाचकांसाठी थोडं सांगते. त्या काळातल्या कम्प्युटरला मराठीचा गंधही नव्हता. पडद्यावर देवनागरी हवी असेल तर तळहाताएवढं एक वेगळं कार्ड विकत आणून आत बसवावं लागे. कार्ड काढलं की त्याच मजकुराच्या जागी नुसत्या रेघोट्या आणि चौकटी दिसत. आता अशी कार्डं कोणी बनवत नाही आणि जुनी होती ती भंगारात वितळली. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही मेलेली. तिसऱ्यासाठी मी चंद्रावरही गेले असते, सायखेडा तर एसटीच्या वाटेवर आहे.

नवऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, आणून ठेवणार कुठे? बाल्कनीत सध्या सात मॉनिटर आहेत आणि तुळस जिन्यात गेली आहे. मी म्हटलं, या वेळी फक्त एक कार्ड आणते. त्याने ते ऐकून घेतलं आणि माझ्या पिशवीत गुपचूप एक मोठी रिकामी गोणी घालून दिली. हौसेला मोल नसतं हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं.

पुणे ते नाशिक रोड

जानेवारीत जात असाल तर स्वेटर, मफलर काय असेल ते घ्या. नाशिकची थंडी पुण्याच्या थंडीला लहान बहीण म्हणते. शिवाजीनगरहून सकाळी सहाची गाडी धरली. तिकीट दीडशेच्या आतबाहेर, वेळ साडेपाच तास म्हणतात आणि सहा लागतात. नारायणगावापर्यंत रस्ता बरा आहे, चंदनापुरीच्या घाटात ट्रकमागे ट्रक. संगमनेरला गाडी पंधरा मिनिटं थांबते तेव्हा स्टँडच्या बाहेर जाऊन चहा प्या, आतला पिऊ नका. सिन्नरहून येणारी गाडी नाशिक रोडवरूनच शहरात जाते, त्यामुळे तिकडे कोणी राहत असेल तर थेट तिथेच उतरा.

मावशीने जेवायला वाढलं आणि मी दुपारीच रिक्षा करून अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात गेले. जुना कम्प्युटर अकरा वर्षं बंद असला की त्याला वीज देणारा आतला डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, गेलेला असतोच. तो बरोबर नेलेला बरा. पत्र्यांच्या शेडमागे शेड आणि मधून जेमतेम टेम्पो जाईल एवढी वाट. एका शेडमध्ये कम्प्युटरांचा डोंगर होता. मालक म्हणाला, किलोने घ्या, निवडून मिळणार नाही. मी म्हटलं, मला एकच हवाय, पण चालू. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आप इसका करती क्या हो?" मी म्हटलं, दुरुस्त करते. "फिर?" मग काही नाही, म्हटलं, चालू झाला की बघत बसते. त्याला माझी दया आली असावी, कारण त्याने स्वतः चार पॉवर सप्लाय लावून तपासले आणि चालणारा दिला. साठ रुपये घेतले आणि वर चहा पाजला.

सायखेडा

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाऊन निघाले. कुठली मिसळ खावी यावर नाशिककर भाऊबंदकीसारखे भांडतात, म्हणून नाव सांगत नाही. जिथे बाहेर लोक उभे आहेत तिथे जा. निफाडची गाडी चांदोरीला सोडते. तिथून गोदावरीचा पूल ओलांडला की पलीकडे सायखेडा. शेअर रिक्षा पाच रुपयांत नेते, पण पुलावरून चालत जा. मी गेले तेव्हा धुकं नुकतं उठत होतं, पाण्याच्या कडेला लोक हातपंपावर असल्यासारखे रांगेत कपडे धूत होते आणि पलीकडे द्राक्षाचे मळे सुरू होत होते.

अण्णांचं घर मळ्यात आहे. सत्तरीचे, ताठ, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. शाळेतून निवृत्त झाल्यावर झेंडू आणि भाजीपाला करतात, आणि वाचनालय. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला दारात पाहिलं आणि माझ्या मागे कोणी येतंय का ते बघितलं.

"मला वाटलं माणूस येईल," त्या म्हणाल्या.

"माणूसच आलंय," अण्णा म्हणाले, "आत तर घे."

कम्प्युटर ओसरीवर आणून ठेवला होता, जुन्या धोतराखाली. अण्णांनी धोतर बाजूला केलं आणि मला हसू आवरेना. असा कम्प्युटर मी पाहिला नव्हता. कपाळावर कुंकवाची पाच बोटं, त्याखाली हळदीचं स्वस्तिक, मॉनिटरच्या कडेला सुकलेल्या झेंडूच्या माळेचा दोरा. बंद पडला तरी दर वर्षी खंडेनवमीला अण्णा त्याची पूजा करत होते. आमच्याकडे खंडेनवमीला कोयता, नांगर, मोटारपंप, शिलाई मशीन, ज्याच्यावर पोट आहे त्याची पूजा होते आणि त्या दिवशी त्याला काम सांगत नाहीत. अण्णांचं म्हणणं साधं होतं. हत्यार चालतं म्हणून पुजत नाही, आपलं आहे म्हणून पुजतो.

मी ओसरीवर सतरंजी पसरून स्क्रू काढायला बसले आणि अण्णा बाजूला खुर्ची घेऊन बसले. ९३ साली नाशिकच्या एका कचेरीने हे यंत्र वाचनालयाला दिलं. निफाड तालुक्यातल्या खेड्यात वाचनालयात कम्प्युटर म्हणजे तेव्हा अप्रूप, लोक चपला बाहेर काढून बघायला येत. गावातलीच एक मुलगी, सुरेखा, बारावी झालेली, नाशिक रोडला जाऊन कम्प्युटरचा कोर्स करून आली होती. तिला वाचनालयाने ठेवलं. तिने एकेक पुस्तक हातात घेऊन सगळ्या पुस्तकांची यादी मराठीत टाइप करायला घेतली. नाव, लेखक, विषय, कपाट, रांग. "आपल्याकडची पुस्तकं आपल्याला माहीत नव्हती, ती तिने दाखवली," अण्णा म्हणाले.

मी विचारलं, मग बंद कसा पडला?

अण्णांनी सांगितलं. ९६ साली खंडेनवमीला नेहमीप्रमाणे पूजा झाली, दसऱ्याला सुट्टी. दुसऱ्या दिवशी सुरेखाने सकाळी बटण दाबलं, आत फट्‌ आवाज झाला आणि धूर निघाला. नाशिकहून मेकॅनिक बोलावला. त्याने झाकण काढून वरून बघितलं आणि सांगितलं, आत पाणी गेलंय, दुरुस्तीपेक्षा नवा स्वस्त पडेल. टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायची सुरेखाला सवय होती. अण्णा तिला दोनदा त्यावरून बोलले होते. ती म्हणाली, मी नाही सांडलं. मग कोणी सांडलं? कमिटीची बैठक झाली आणि तिला काढून टाकलं. पुढे निफाडच्या एका शाळेत तिने अर्ज केला, त्यांनी अण्णांकडे चौकशी केली, अण्णांनी जे खरं वाटत होतं ते सांगितलं. वर्षभरात तिचं सटाण्याला लग्न झालं. "हुशार होती," अण्णा म्हणाले, "फक्त बेफिकीर. कबूल केलं असतं तर ठेवलीही असती."

हे सगळं मी एका कानाने ऐकत होते, खरं सांगते. माझे डोळे कार्डावर होते. झाकण काढल्यावर ते दिसलं, लांब, हिरवं, अगदी मागच्या कडेला. मन आनंदाने उड्या मारत होतं. बोर्डावरची छोटी बॅटरी फुटून तिचा हिरवा मळ पसरला होता, पण या जातीच्या सगळ्या यंत्रांचं तसंच होतं, त्याचं मला काही वाटलं नाही. काकूंकडून दोन लिंबं मागून घेतली. बॅटरीच्या मळावर लिंबाचा रस चांगला चालतो, मग स्पिरिटने पुसून घ्यायचं. काकू म्हणाल्या, "तांब्याची भांडी अशीच घासतो आम्ही, त्यात काय लय मोठं."

मग मी कार्ड हलकेच उपसायला गेले. ते येईना. त्याच्या खाली, ज्या खाचेत ते बसतं तिथे, तपकिरी चिकट काहीतरी वाळून घट्ट झालं होतं. मी स्पिरिटचा बोळा घेऊन ते पुसायला लागले आणि अर्धं पुसून झाल्यावर थांबले. त्या तपकिरी थरात मुंग्या होत्या. वाळलेल्या, शेकड्याने, खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

साध्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत.

मी अण्णांना विचारलं, सुरेखा टेबलावर चहा प्यायची का? ते म्हणाले, कधीच नाही, चहा आम्ही पायरीवर प्यायचो, तो नियमच होता. मग मी भिंग घेतलं. थराच्या आत, मुंग्यांच्याही खाली, तांदळाचे दाणे चिकटले होते. लालसर. अक्षता. आणि त्यांच्यात नखाएवढी करवंटीची कपची. कम्प्युटरच्या मागच्या बाजूची एक पत्र्याची पट्टी पूर्वीच कधीतरी पडून गेली होती, तिथे बोटभर फट होती, आणि फट बरोबर या कार्डाच्या शेजारी.

आता मला जे कळलं ते तुम्हालाही कळलं असेल. कार्ड माझ्या हाताशी होतं. पुसून टाकायला दोन मिनिटं लागली असती. अण्णांनी प्रेमाने दिलेलं कार्ड घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ शकत होते, आणि हे म्हातारं माणूस बिचारं आपल्या झेंडूत सुखात राहिलं असतं. मनात हे आलं, लपवत नाही. पण सटाण्याला कोणीतरी अकरा वर्षं बेफिकीर म्हणून जगत होतं, तिचं नाव मला आता माहीत झालं होतं.

"अण्णा," मी विचारलं, "त्या वर्षी पूजा कशी केली होती?"

त्यांनी उत्साहाने सांगितलं. बंद पडल्यापासून नुसतं हळदकुंकू आणि माळ, पण तेव्हा अक्षता, फुलं, सगळं. नारळ दारातल्या दगडावर फोडला, भकल आत आणलं आणि त्यातलं पाणी हाताने यंत्रावर शिंपडलं. "मागच्या बाजूला जरा जास्तच," ते म्हणाले. "म्हटलं सगळ्या वायरी तिथे, जीव तिथेच असणार." एवढं बोलून ते माझ्या हातातल्या भिंगाकडे बघायला लागले. मास्तर माणूस, उत्तर सांगता सांगता त्यांचं त्यांनाच कळलं.

त्यांनी भिंग घेतलं, चष्मा वर केला, वाकून बराच वेळ पाहिलं. तांब्यातलं पाणी सगळ्यांना दिसलं होतं. नारळातलंही पाणीच असतं हे त्या गावात कोणाच्या मनात आलं नव्हतं, कारण ते पूजेचं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी दिली गेली होती. अण्णा उठले आणि मळ्यात गेले. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना. ते असंच करतात."

मी काम चालू ठेवलं, दुसरं काय करणार? खाच साफ केली, पण अक्षतांचा आणि मुंग्यांचा एक तुकडा तसाच सोलून कागदात पुडी बांधून ठेवला. कार्डावरचा कपॅसिटर नावाचा एक फुटलेला भाग माझ्याजवळचा घालून बदलला, बोर्ड गच्चीवर उन्हात वाळवला, साठ रुपयांचा पॉवर सप्लाय जोडला. हार्ड डिस्क अडकून बसली होती. तिला हातात धरून मनगटाने एक हलका झटका दिला तशी ती कुरकुर करत फिरायला लागली. बॅटरी गेल्यामुळे यंत्र आपली डिस्क केवढी आहे हेही विसरलं होतं, ते आकडे डिस्कवरच्या चिठ्ठीवरून वाचून पुन्हा सांगितले. तिसऱ्या प्रयत्नात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, आणि यादी उघडली तशी मराठी अक्षरं. गोल, थोडी बुटकी, स्पष्ट. पुस्तक क्रमांक एकपासून खाली खाली जात दोन हजार तीनशे सोळापर्यंत. एकेका पुस्तकापुढे कपाट आणि रांग. मला रडू आलं. जुनं यंत्र चालू झालं की मला नेहमीच येतं, पण हे तसलं नव्हतं.

अण्णा उन्हं उतरताना परत आले. पडद्यासमोर उभं राहून त्यांनी यादी वाचली, मग म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर सटाण्याला याल? मी एकटा गेलो तर ती म्हणेल, म्हातारा मन हलकं करायला आलाय. तुम्ही मशीन उघडलंय."

सटाणा

सायखेड्याहून सटाण्याला सरळ गाडी नाही. अण्णांचा पुतण्या टोमॅटो घेऊन पिंपळगावला निघाला होता, त्याच्या पिकअपमध्ये आम्ही दोघं पुढे बसलो. पिंपळगावचा बाजार सकाळी बघण्यासारखा असतो, लालभडक क्रेटचे किल्ले. पण आमचं लक्ष नव्हतं. तिथून एसटीने सोग्रस फाटा, मग भावडबारीचा घाट आणि देवळा. घाट छोटा आहे, पण तो ओलांडला की मुलूख बदलतो. झाडं कमी, डोंगर उघडे, आणि गाडीत चढणारी माणसं 'आहे'च्या जागी 'शे' म्हणायला लागतात. देवळ्यानंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा. दोन-अडीच तास धरा. सटाण्यात स्टँडजवळ शेवभाजी आणि बाजरीची भाकरी चांगली मिळते, तिखटाची सवय नसेल तर आधी सांगा. आम्ही जेवलो नाही, अण्णांना घास उतरला नसता.

पूर्ण वाट अण्णा तीनच वाक्यं बोलले असतील. त्यातलं एक होतं, "मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, आधी खात्री करा, मग बोला."

सुरेखाचं घर बाजार समितीच्या मागच्या गल्लीत. दारात तिच्या सासूबाई कांदे निवडत होत्या. "कोन शे व?" त्यांनी मला विचारलं, मग आत हाक मारली, आणि सुरेखा बाहेर आली. पस्तिशीच्या आसपासची, बारीक, केस घट्ट बांधलेले. अण्णांना पाहून ती दारातच उभी राहिली. मग डोक्यावरून पदर घेऊन वाकून नमस्कार केला. म्हणाली, बसा, चहा ठेवते. मला कोण कुठल्या ते विचारलं. मी जुने कम्प्युटर दुरुस्त करते म्हटल्यावर तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली.

चहा आला. ती एका कांदा व्यापाऱ्याकडे लिहिण्याचं काम करते असं बोलण्यातून कळलं. कुठली गाडी, कोणाचा माल, किती गोणी. सगळं हाताने लिहायचं. दोन वर्षांपूर्वी मालकांनी कम्प्युटर घेतला, त्यावर आता दुसरा मुलगा बसतो. मी विचारलं, तुम्ही का नाही? ती म्हणाली, "मी सांगितलं, मला येत नाही."

अण्णांनी कप खाली ठेवला. सकाळी माझ्याकडून घेतलेली पुडी खिशातून काढली आणि उघडून टेबलावर ठेवली.

"सुरेखा, पाणी तू सांडलं नव्हतंस. माझ्या नारळाचं होतं. ह्या ताईंनी मशीन उघडलं, त्यात निघालं. अकरा वर्षं मी गावाला खोटं सांगत होतो."

ती पुडीकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं, अण्णा."

मग तिने सांगितलं. दसऱ्यानंतर त्या सकाळी तिने वाचनालय उघडलं तेव्हा मशीनच्या मागून मुंग्यांची रांग लागली होती. तिने फडक्याने मुंग्या पुसल्या आणि बटण दाबलं. धूर निघाल्यावर दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं. अण्णांनी विचारलं, मग बोलली का नाहीस? त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की तिच्या सासूबाईही कांदे सोडून बघायला लागल्या.

"कोणाला सांगू? सगळ्या गावापुढे तुम्ही नारळ फोडला होता. पूजेनं मशीन जळलं म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, काम तर बिघडवलंच, वर देवाला नावं ठेवते. बेफिकीर म्हणवून घेऊन सासरी जाता येतं अण्णा, देवाला नावं ठेवणारी म्हणवून घेऊन नाही."

अण्णांनी हात जोडले. ते काही म्हणणार तेवढ्यात तिने त्यांना थांबवलं. माफीचं नंतर बघू, म्हणाली. वाचनालयाच्या प्रोसिडिंग बुकात काय लिहिलंय ते तिला पाठ होतं, आणि तिने ते आम्हाला म्हणून दाखवलं. सेविकेच्या निष्काळजीपणामुळे यंत्राचे नुकसान झाल्याने तिची सेवा समाप्त करण्यात येत आहे. "ते तुमच्याच अक्षरात आहे. खोडू नका. त्याच बुकात, त्याच्या पुढे, तुमच्याच अक्षरात खरं लिहा. आणि सगळ्यांपुढे वाचून दाखवा. काढलं होतं तेव्हाही सगळ्यांपुढेच काढलं होतं."

अण्णा म्हणाले, सव्वीस जानेवारीला झेंड्याला सगळं गाव जमतं, त्या दिवशी वाचतो. तिने मान हलवली. मग पहिल्यांदाच ती माझ्याकडे वळली आणि यादी राहिली का ते विचारलं. मी सांगितलं, पूर्ण आहे, दोन हजार तीनशे सोळा पुस्तकं.

"अठरा," ती म्हणाली. "दोन सेव्ह व्हायची राहिली. अण्णांना पूजेची घाई झाली होती." आणि ती हसली. अण्णाही हसले, डोळे पुसत. सासूबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि वर ठेचा. हॉटेलात जेवलो नाही ते बरंच झालं.

परत

सायखेड्याहून निघताना अण्णांनी मला कार्ड काढून न्यायला सांगितलं, ठरल्याप्रमाणे. मी नाही नेलं. कार्ड काढलं असतं तर त्या पडद्यावर सुरेखाची दोन हजार तीनशे सोळा पुस्तकं पुन्हा रेघोट्या झाली असती. नव्या इमारतीत यंत्र ठेवायचं अण्णांनी ठरवलं आहे, फक्त पूजा लांबून आणि नारळ बाहेर. मी मागच्या फटीवर पत्र्याची पट्टी बसवून दिली आहे. तुमच्यापैकी कोणाला कधी सायखेड्याला जायची संधी मिळाली तर यादी बघून या. जुनं यंत्र कोणी फुकट देत असेल तर घ्या, पण ते कसं बंद पडलं ते विचारून घ्या आणि सांगणाऱ्याचं पूर्ण ऐका. मी ओसरीवर अर्धंच ऐकत होते, ते माझं चुकलं. थोडं आणखी पुसलं असतं तर एवढं सगळं मीच पुसून टाकलं असतं.

घरी आल्यावर रिकामी गोणी पाहून नवऱ्याने माझा ताप पाहिला.

सव्वीस जानेवारीनंतर दोन दिवसांनी सुरेखाचा फोन आला. अण्णांनी झेंड्यानंतर प्रोसिडिंग बुक उघडून वाचलं. आधी सरपंचांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा बाकीच्यांनीही वाजवल्या. तुम्ही गेला होतात का, मी विचारलं. नाही, म्हणाली, मला जे ऐकायचं होतं ते मी घरी बसून ऐकलं. मालकांना कम्प्युटर येतो म्हणून सांगितलंत का? सांगेन कधीतरी, म्हणाली. मग तिने आईचं सांगितलं. तिची आई अजून सायखेड्यातच राहते.

"आई अकरा वर्षं बाजाराला मागच्या गल्लीनं जायची, वाचनालयासमोरून जावं लागू नये म्हणून. काल मेथीची जुडी आणायला गेली तर समोरून गेली. आणि येतानाही समोरूनच आली."